मान्यता नसलेली शाळा

वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे टोकाईच्या गडाखालचं गाव. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत परभणीत होतं, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. समजा, १९२५ च्या सुमाराला या गावातल्या एखाद्या पोराला शिकायची हौस आहे. पाटीवर मुळाक्षरं गिरवून, पावकी-निमकी-सवायकी घोकून पंतोजीकडचं शिक्षण संपवलं, की पुढे काय?

वसमतला जावं, तर तिथे सरकारी शाळा उर्दूतून. परभणीला जिल्ह्याची मोठी शाळा, तीही उर्दूतून. हैदराबादला जायला आगगाडी होती. पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा फाटा १९१२ मध्ये सुरू झाला होता आणि वसमत त्याच फाट्यावर. पण हैदराबादला मुलगा ठेवायचा म्हणजे पैसा हवा, तिथे कुणी नातेवाईक हवा. उत्तरेला हिंगोलीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की वाशीम. वाशीम वऱ्हाडात आणि वऱ्हाड इंग्रजांकडे. तिथला मुलगा मराठीतून चौथी-सातवी करू शकत होता, पुढे हायस्कुलात जाऊ शकत होता आणि १९२३ नंतर नागपूर विद्यापीठाचं दारही त्याला उघडं होतं. नदीच्या दोन्ही काठांना तीच भाषा, तीच ज्वारी, तोच विठोबा. पण शाळा वेगळी.

मराठी वाचकाला ‘वसाहतकाळातली शाळा’ म्हटलं की मुंबईचं एल्फिन्स्टन आठवतं, पुण्यात भिडे वाड्यात १८४८ साली फुल्यांनी काढलेली मुलींची शाळा आठवते, टिळक-आगरकर-चिपळूणकरांचं १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल आठवतं. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली वसाहत दुहेरी होती. वर इंग्रज रेसिडेंट, त्याच्याखाली निजाम, आणि हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी. फौजेचा खर्च इंग्रजांनी निजामाकडून वसूल केला, पण रयतेच्या शिक्षणाची काळजी निजामावर सोडून दिली. निजामाने ती आपल्या पद्धतीने वाहिली. त्या पद्धतीला छेद देणाऱ्या ज्या काही शाळा मराठवाड्यात निघाल्या, त्यांत सगळ्यात हट्टी शाळा हिप्परग्याची. ती कुरुंद्यापासून बरीच दूर, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहाऱ्याजवळ. कुरुंद्याच्या मुलापुढचं कोडं तिने सोडवलं का, हे पुढे पाहू. त्या कोड्याला तिने एक सरळ उत्तर देऊन पाहिलं, एवढं नक्की.

आधी सरकारी शाळा कशी होती ते पाहायला हवं. हैदराबाद संस्थानात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, मिडल स्कूलला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया. मास्तर म्हणजे मुदर्रिस. शाळा तपासायला येणारा अधिकारी मोहतमीम तालीमात. सुट्टी शुक्रवारी. पगार संस्थानाच्या हाली सिक्क्यात, आणि हजेरीपटावरचं साल फसली. इसवी सनातून ५९० वजा केले की साधारण फसली साल निघतं, म्हणजे १९२५ हे तिथलं १३३४ किंवा १३३५. दिवाण सालारजंगाच्या काळात राज्यकारभाराची घडी नव्याने बसली तेव्हा दरबारची भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमाराला फारसीच्या जागी उर्दू आली. शाळेची भाषा दरबाराच्या मागोमाग गेली. कागदोपत्री अगदी खालच्या वर्गांत मराठी, तेलुगू, कानडीला जागा होती, पण मूल वरच्या वर्गात सरकलं की गणित, इतिहास, भूगोल सगळं उर्दूत. घरी आई जी भाषा बोलते ती शाळेत फार तर एक विषय म्हणून उरायची.

संस्थानात मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा होते, तेलुगू बोलणारे निम्म्याच्या थोडे आत, कानडी आणि उर्दू बोलणारे प्रत्येकी दहावा हिस्सा किंवा थोडे अधिक. दहातल्या एकाची भाषा दहांच्या शाळेत शिकवली जात होती. १९२१ च्या शिरगणतीत लिहिता-वाचता येणारे शंभरात तीन-चार निघाले. याला माध्यम एकटंच जबाबदार होतं असं मी म्हणणार नाही. जहागिरी, दारिद्र्य, जात, पडदा, शाळांची टंचाई, सगळंच होतं. पण शेजारी पाहिलं तर फरक डोळ्यांत भरतो. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. तीही संस्थानंच होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मराठवाड्याच्या आठवणींत ती बहुधा गाळली जाते. २६ एप्रिल १९१७ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. पदवीचं सगळं शिक्षण एका भारतीय भाषेत देणारं हिंदुस्थानातलं ते पहिलं आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी खास भाषांतर खातं काढलं, दारुल तर्जुमा. रसायन, अर्थशास्त्र, कायदा, वैद्यक यांची पुस्तकं उर्दूत आणली, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. इंग्रजी सक्तीची होती, पण दुसरी भाषा म्हणून. रवींद्रनाथांनी या उपक्रमाचं स्वागत केलं, आणि ते योग्यच होतं. मराठीतून वैद्यक शिकवता येईल का, यावर आपण आजही परिसंवाद भरवतो. हैदराबादेत त्याच काळात ते उर्दूतून शिकवून दाखवलं होतं. म्हणूनच उस्मानियाचं दुखणं अधिक बोचतं. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व मान्य करायचं, आणि मातृभाषा ठरवायची ती मात्र राजाची! उस्मानियाने हैदराबादच्या उर्दू मध्यमवर्गाला जे दिलं, तेच कुरुंद्याच्या किंवा करीमनगरच्या मुलापासून आणखी लांब नेलं. त्याला आता दोन भाषा ओलांडून पदवीपर्यंत जायचं होतं. दुसरा रस्ता निजाम कॉलेजचा. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं, शिक्षण इंग्रजीतून, आणि तिथे मुख्यतः अमीर-उमरावांची, वकिलांची मुलं.

या कोंडीत पहिली फट पाडली ती वकिलांनीच. त्यांतला एक कुरुंद्याच्याच तालुक्यातला. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ सालचा, वसमत तालुक्यातल्या पुरजळचा. गुलबर्ग्याला त्यांनी वकिली सुरू केली, मग हैदराबादेत नाव कमावलं आणि पुढे तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आर्य समाजाचे ते संस्थानातले मोठे आधारस्तंभ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्या पायाभरणीत केशवराव आणि वामनराव नाईक ही नावं येतात. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय १९०७ चं. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, आणि तिच्यापाठोपाठ काही वर्षांतच मुलींसाठी शारदा मंदिर. या सगळ्या शहरी शाळा होत्या, मवाळ वृत्तीच्या, सरकारशी बोलून-चालून वाट काढणाऱ्या. हायकोर्टाचा न्यायाधीश पाठीशी असला की मोहतमीमही शाळेत शिरताना जरा दबकत असेल, असा माझा अंदाज आहे.

विवेकवर्धिनीच्या सभागृहातला एक प्रसंग मराठी माणसाने विसरू नये असा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिथे संस्थानाची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणं इंग्रजीत, उर्दूत, मराठीत चालली होती. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेतल्या मराठी मंडळींनी गलका करून, टाळ्या पिटून त्यांना खाली बसवलं. उर्दूच्या ओझ्याखाली आपली भाषा दबते म्हणून शाळा काढणारे लोक, आपल्याच शाळेच्या दालनात, राज्यातल्या सर्वांत मोठ्या भाषेवर हसले. तेलुगू मंडळी त्याच सुमाराला एकत्र आली आणि त्यांनी आंध्र जनसंघ स्थापन केला. आंध्र महासभेचं आणि तेलंगणातल्या पुढच्या सगळ्या चळवळीचं मूळ तिथे शोधतात. भाषेच्या अपमानाची जाण असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या भाषेचा मान राखता येणं वेगळं.

त्याच १९२१ मध्ये हिप्परग्याची शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक. नाव साधंच, राष्ट्रीय शाळा.

हे नाव निजामी मुलुखातलं नव्हे, ते पलीकडून आलं होतं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला. सरकारी शाळा-कॉलेजं सोडा, असा आदेश निघाला आणि सोडलेल्या मुलांसाठी ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा उघडल्या. गुजरात विद्यापीठ १९२० चं, पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं. त्यांतल्या बऱ्याच शाळा लाट ओसरताच दोन-तीन वर्षांत मिटल्या. पण ही सगळी हाक इंग्रज सरकारच्या शाळांसाठी होती. संस्थानांत काँग्रेस हात घालत नव्हती. संस्थानी प्रजेने आपला झगडा आपणच पाहावा, असं तिचं धोरण होतं. तेव्हा निजामाच्या राज्यात, शहरापासून लांब एका खेड्यात राष्ट्रीय शाळा काढणं हा एका अर्थाने आगाऊपणाच होता. कुणी सांगितलं नव्हतं.

जागा मात्र विचारपूर्वक निवडल्यासारखी वाटते. सोलापूर जिल्ह्याची, म्हणजे इंग्रजी मुलुखाची हद्द इथून फार लांब नाही. पुस्तकं, वर्तमानपत्रं, मास्तर, सगळं तिकडून येऊ शकत होतं. हैदराबादपासून दूर, रेल्वेपासून बाजूला. तालुक्याच्या कचेरीतल्या माणसाला इथवर यायचं तर मुद्दाम उठून यावं लागे. एखाद्या मोठ्या शहरात अशी शाळा महिन्याभरात नजरेत आली असती.

शाळेचं शिक्षण मराठीतून होतं. अभ्यासक्रम उस्मानियाचा नव्हता, सरकारी अनुदान नव्हतं, सरकारी पुस्तकं नव्हती. त्या काळातल्या राष्ट्रीय शाळांची घडण एका साच्याची असे: सूत कातणं, खादी, व्यायाम, देशाचा इतिहास, मुलांनी आणि मास्तरांनी एकत्र राहणं, आपलं काम आपण करणं. तसं ते पुण्यातही होतं आणि अमळनेरातही. पण पुण्यात टकळी फिरवणं आणि निजामाच्या राज्यात टकळी फिरवणं यांत अंतर होतं. पुण्यात ते आंदोलनात मोडत होतं, आणि इथे सभा भरवायलाच आधी परवानगी लागत होती. सभाबंदीचं फर्मान ‘गश्ती निशान तिरपन’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालं. जिथे सभा नाही, पक्ष नाही, मोकळं वर्तमानपत्र नाही, तिथे चार माणसांनी रोज एकत्र बसायची परवानगी असलेली जागा एकच, ती म्हणजे शाळा. मग मास्तरच पुढारी होतो. हैदराबादच्या लढ्यात मास्तर इतके का दिसतात, याचं कारण मला इथे सापडतं.

सरकारलाही ते दिसलं असावं. १९२४ च्या सुमाराला खानगी शाळांचे नियम निघाले. आता कुणालाही परवानगीवाचून शाळा काढता येणार नव्हती. आणि परवानगी मागताना शाळा कोण चालवतो, मास्तर कोण, पुस्तकं कोणती, पैसा कुठून येतो, याचा हिशेब द्यायचा होता. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासांत त्याचा परिणाम सांगणारा आकडा वारंवार येतो: एका वर्षाच्या आत खासगी शाळा चार हजारांच्या वरून हजाराच्या आसपास उतरल्या. या मिटलेल्या शाळांत बहुतेक हिप्परग्यासारख्या नव्हत्या. देवळाच्या ओसरीवर, मशिदीच्या आवारात, पाटलाच्या वाड्यात चाललेल्या पंतोजीच्या आणि मौलवीच्या छोट्या शाळा होत्या त्या. त्यांना कोणतंही राज्य उलथवायचं नव्हतं. पंतोजीला अर्ज उर्दूत करायचा, त्याला मोहतमिमाची मंजुरी मिळवायची, तालुक्याला खेपा घालायच्या; आणि हे सगळं महिन्याकाठी मिळणाऱ्या चार पायली ज्वारीसाठी. त्याने पाट्या गुंडाळल्या. राजकीय शाळांना चाप लावायला निघालेल्या नियमाने आधी गेली ती गावाची साधी शाळा.

हिप्परगा टिकलं. टिकलं, पण मान्यतेविना, आणि त्या अवस्थेची किंमत कोण मोजत होतं, हे पाहायला हवं. मास्तर त्याग करून आले होते. तुटपुंज्या मानधनावर राहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. विद्यार्थ्याने तसं काही ठरवलेलं नव्हतं. त्याच्या वतीने बापाने ठरवलं होतं, किंवा गावच्या देशमुखाने. तो दहा वर्षं इथे शिकला, गीता-ज्ञानेश्वरी, इतिहास, गणित यांत तरबेज झाला, तरी हैदराबाद सरकारच्या लेखी तो अडाणीच. मॅट्रिकला बसायचं तर सरकारमान्य शाळेचा दाखला हवा. कारकुनी, वकिलीची सनद, कशालाही या शाळेचं प्रमाणपत्र चालणार नव्हतं. तो पुण्याच्या टिळक विद्यापीठात जाऊ शकत होता, पण तिथली पदवीही सरकारमान्य नव्हती. मान्यता नसलेल्या शाळेतून मान्यता नसलेल्या विद्यापीठात! कुणब्याच्या पोराला हे परवडणारं नव्हतं. ज्याच्या घरी जमीन आहे आणि नोकरीची गरज नाही, किंवा ज्याच्या घरी काहीच नाही आणि शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, त्याला कदाचित जमायचं, मधल्यांची पंचाईत.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हती. हैदराबाद शहरात माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ मध्ये मुलींसाठी तेलुगू शाळा काढली. उस्मानिया तेलुगू माध्यमाला मान्यता देईना. त्यांनी वेगळी युक्ती केली आणि शाळा कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला जोडून घेतली. ज्या कर्व्यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत तेलुगूची टवाळी झाली होती, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगू मुलींना परीक्षेला बसू दिलं. इतिहासात अशा फेडी क्वचितच होतात, म्हणून ही मुद्दाम नोंदवतो.

हिप्परग्याला मात्र अशी कोणती विद्यापीठाची छत्री नको होती. तिथे तत्त्वच होतं की नको. हे तत्त्व कुणाच्या जोरावर टिकलं, ते सांगायचं तर १९२९ साली तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेल्या एका आजारातून उठलेल्या तरुणाकडे वळावं लागतं.

व्यंकटेश भगवान खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूरला. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. असहकाराची हाक आली तशी त्याने सरकारी शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला, तिथून पुण्याच्या टिळक विद्यापीठात. लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून तिथली सर्वोच्च पदवी घेतली. मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं, दिल्लीपर्यंत गेला आणि प्रकृती ढासळली. अशा अवस्थेत तो हिप्परग्याला आला. म्हणजे स्वतः मान्यता नसलेल्या शिक्षणाचं जे काही फळ असू शकतं, ते फळच मुख्याध्यापक म्हणून आलं होतं. मुलांना ‘दाखल्याची पर्वा करू नका’ हे सांगायचा अधिकार असलेला माणूस तो.

१४ जानेवारी १९३० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, हिप्परग्यातच त्याने स्वामी नारायणतीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केलं. पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व ज्या नावाने झालं, ते हेच. संन्यास घेऊन तो हिमालयात गेला नाही, दुसऱ्या दिवशीही शाळेतच होता. भगव्या कपड्यातला हेडमास्तर हे दृश्य सरकारलाही कोड्यात टाकणारं असणार. संन्याशाला राजकारणी ठरवून पकडणं तितकं सोपं नव्हतं. याच शाळेत बाबासाहेब परांजपे आले. पुढे लढ्यात आणि शिक्षणसंस्थांच्या उभारणीतही ते स्वामीजींच्या बरोबरीने दिसतात.

इथे कौतुकाला जरा आवर घालतो. या शाळांच्या पटावर कोण होतं? चालवणारे बहुतेक ब्राह्मण आणि देशमुख, आणि मुलं बऱ्याच अंशी त्याच थरातली, थोडी वरच्या शेतकरी घरांतली. राष्ट्रीय शिक्षणात अस्पृश्यतानिवारणाची भाषा होती, गांधींनी ती आणलीच होती. पण गावच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेची पायरी महारवाड्यातल्या मुलाला किती चढता येत असेल? हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मा यांनी १९१० मध्ये इसामिया बाजारात दलित मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली आणि पुढे तशा अनेक चालवल्या, ते अशाच अनुभवातून. दलित मुलाला सरकारी शाळा उर्दू असली तरी निदान सरकारी होती. तिथला मुदर्रिस गावच्या जातीच्या उतरंडीला बांधलेला नव्हता. मराठी माध्यमाची लढाई सगळ्यांसाठी एकसारखी लढाई नव्हती, हे मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मोकळेपणाने मांडायला हवं.

१९३५ मध्ये स्वामीजी हिप्परगा सोडून काही सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. निजामी कागदांत हे गाव मोमिनाबाद, घोडदळाची जुनी छावणी. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. हा बदल नुसता गावाचा नव्हता. अंबाजोगाई हे मोठं गाव, तालुक्याचं ठिकाण. तिथली शाळा कचेरीच्या डोळ्यांदेखत चालणार. शाळा लहान खेड्यात लपवून वाचवण्याचे दिवस संपले होते. आता मुलं जास्त हवी होती आणि मुलं हवी तर त्यांच्या पुढच्या वाटेचा विचारही करणं भाग होतं. मुलांना परीक्षेला बसवायचं की नाही, हा प्रश्न हिप्परग्यात तत्त्वाने सोडवता येत होता. अंबाजोगाईत पालक तो रोज विचारत असतील.

आणि मग शाळा अपुरी पडू लागली. १९३७ मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष. पुढच्या वर्षी लातूरला दुसरं. मातृभाषेतून शिक्षण ही आता एखाद्या शाळेची जिद्द राहिली नाही, ती मागणी झाली. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कामात उतरले. सप्टेंबरमध्ये सरकारने स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत नानल, मागोमाग स्वामीजी. हेडमास्तर तुरुंगात गेला.

त्यानंतर महिनाभरातच मान्यतेचा प्रश्न अगदी अनपेक्षित दिशेने उसळून आला, खुद्द मान्यताप्राप्त संस्थांमध्येच. औरंगाबादच्या सरकारी इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटलं. बंदी आली, मुलं हटली नाहीत, त्यांना काढून टाकलं. शेकडो मुलांचं वर्ष बुडालं. त्यांच्यासाठी दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या मुलांपैकी एक. इतकी वर्षं हिप्परग्याच्या मुलाला जे भोगावं लागत होतं, शिकलेलं असून न शिकल्यासारखं होणं, ते आता उस्मानियाच्या मुलांनाही भोगावं लागलं. फरक इतकाच, की त्यांना नदीपलीकडच्या एका विद्यापीठाने ओळखलं. हिप्परग्याच्या मुलांसाठी असा कुणी कुलगुरू पुढे आला नव्हता.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: निजामाच्या बाजूचे रझाकार, सरहद्दीवरचे लढ्याचे कँप, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राज्याचा शेवट. या लढ्यात वसमत-हिंगोलीकडच्या माणसांचा वाटा मोठा, पण ती गोष्ट या प्रकरणाची नव्हे. भारत सरकारच्या पोलिस कारवाईनंतर उस्मानियाची उर्दू गेली आणि तिच्या जागी आली इंग्रजी. मराठी नव्हे, तेलुगूही नव्हे. तीस वर्षं मेहनत करून दारुल तर्जुम्याने घडवलेली पुस्तकं कपाटात गेली. उर्दूतून शिकवणं अन्यायाचं होतं हे मान्य करूनही, हा शेवट मला उधळपट्टीचा वाटतो. ती परिभाषा घडवणाऱ्यांकडून मराठीने काम करायची रीत तरी शिकून घ्यायला हवी होती.

स्वामीजी तुरुंगातून सुटले, राजकारणात काही वर्षं राहिले, पण शाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. १९५० मध्ये त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. गोदावरीच्या या भागातल्या मुलांना, कुरुंद्याच्याही, पदवीसाठी हैदराबाद गाठायची गरज उरली नाही. या कॉलेजात पुढे शिकवायला आले आणि प्राचार्यही झाले ते नरहर कुरुंदकर. आडनाव याच कुरुंद्यावरून पडलेलं, वाढ वसमतची, आणि मराठीइतकंच उर्दू आणि निजामी कारभार जवळून पाहिलेला माणूस. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले होते. हैदराबादच्या लढ्याची आणि निजामी राज्याची त्यांच्याइतकी खोल चिकित्सा मराठीत थोड्यांनी केली, आणि ती करणाऱ्याला पदवीने बराच काळ चकवलं होतं.

पीपल्स कॉलेजचा कागदोपत्री जन्म मात्र एका ओळीत सांगता येतो, आणि ती ओळ हिप्परग्याच्या जुन्या मास्तरांनी कशी वाचली असेल कोण जाणे. १९५८ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू होईपर्यंत, स्वामी रामानंद तीर्थांनी काढलेल्या या महाविद्यालयाच्या परीक्षा घेणारं आणि त्याला मान्यता देणारं विद्यापीठ होतं उस्मानिया.